शब्दवेध : मूट

कायद्याच्या विद्यार्थ्यांना ‘मूट कोर्ट’ ठाऊक असतं. जुन्या इंग्रजीत ‘मूट’ म्हणजे सभा. तिथे वाद मांडले जात, निवाडेही होत. पुढे लंडनमध्ये वकिली शिकणारे सरावासाठी काल्पनिक खटले लढवू लागले, त्यांनाही हेच नाव मिळालं. अमेरिकी न्यायालयांत अर्थ आणखी सरकला : निकाल देऊन ज्यातून काही साधणार नाही, तो प्रश्न ‘मूट’.

हा अर्थ किती ताणायचा, हे १९९३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ‘कार्डिनल केमिकल विरुद्ध मॉर्टन’ या खटल्यात ठरलं. पीव्हीसीला उष्णतेपासून जपणाऱ्या रसायनांची पेटंटं मॉर्टन कंपनीकडे होती, आणि त्यांचं उल्लंघन केल्याचा दावा तिने कार्डिनलवर लावला होता. उल्लंघन झालं नाही असं दिसलं, की पेटंटच्या वैधतेचा प्रश्न मूट मानायचा आणि खालच्या न्यायालयाने दिलेला अवैधतेचा निकाल रद्द करायचा, ही अपील न्यायालयाची रीत. ती सर्वोच्च न्यायालयाने मोडली, आणि उत्तम केलं. नाहीतर अवैध ठरलेलं पेटंट पुन्हा जिवंत होतं आणि मालक तेच घेऊन पुढच्या स्पर्धकाला कोर्टात खेचतो. मॉर्टनने याच पेटंटांवरून दुसऱ्या कंपनीवरही दावा लावला होता. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिलेल्या निकालानुसार, पेटंट अवैध ठरवून मागणारा प्रतिदावा स्वतंत्र असतो; उल्लंघनाचा दावा फेटाळला गेला म्हणून तो आपोआप संपत नाही.