फायलींची आडनावे आणि विंडोजचे दफ्तर

संगणकातील फायलीच्या नावापुढे टिंब देऊन जी तीन-चार अक्षरे लिहितात, त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. आम्ही त्यांना आडनाव म्हणणार आहोत. कारण ती पाहताच फाईल कोणत्या घराण्यातली हे कळते. ही चाल मायक्रोसॉफ्टने पाडलेली नव्हे. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या पीडीपी-१० यंत्रावर सहा अक्षरांचे नाव व तीन अक्षरांचे आडनाव अशी सोय होती. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ साली रचलेल्या सीपी/एम प्रणालीत नाव आठ अक्षरांचे झाले, आडनाव मात्र तीनच अक्षरांचे राहिले. तोच वारसा १९८१ साली एमएस-डॉसकडे आला.

डॉसला या आडनावांचे फारसे सोयरसुतक नव्हते. परंतु फायलीवर टिचकी मारताच ती उघडावी अशी रीत विंडोजने पाडली, तेव्हा कोणत्या आडनावाची सोयरीक कोणत्या प्रोग्रामशी, याची यादी ठेवणे भाग पडले. आरंभी ती एका साध्या मजकुराच्या फायलीत असे. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री अवतरली ती मुख्यतः अशाच नोंदींसाठी. आणि विंडोज ९५ ने तर यंत्राचा बहुतेक कारभारच त्या दफ्तरात आणून ठेवला. प्रोग्राम येताना नोंद करून घेत, जाताना मात्र पुष्कळदा ती तशीच ठेवून जात. मग दफ्तर झाडणारे निघाले. खुद्द मायक्रोसॉफ्टने ‘रेगक्लीन’ नावाचे साधन दिले होते. पुढे ते मागे घेतले.

आता गंमत अशी की, झाडलेली आडनावे दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर होतात. ‘निरुपयोगी एक्स्टेन्शन’ म्हणून पुसलेली ओळ परत दिसली की मनुष्य धास्तावतो. वास्तविक यात रोग काहीच नाही. एक्स्प्लोरर प्रत्येक वापरणाऱ्यासाठी ‘फाइलएक्स्ट्स’ नावाचा वेगळा खाना ठेवतो आणि अनोळखी आडनावाची फाईल आपण कशाने उघडली हे त्यात टिपून ठेवतो. सफाईदाराला त्या आडनावाचा धनी मुख्य यादीत सापडत नाही, म्हणून तो ओळ पुसतो. आपण तशीच फाईल पुन्हा उघडतो आणि एक्स्प्लोरर ती ओळ पुन्हा लिहितो. शिवाय विंडोज २००० पासून आडनावांची यादी दोन खान्यांची मिळून दिसते, एक यंत्राचा व एक वापरणाऱ्याचा. एकातली नोंद गेली तरी दुसऱ्यातली वर येते.

अशी ओळ राहिल्याने यंत्र मंदावत नाही. उलट सफाईच्या भरात ईएक्सईची नोंद बिघडली, तर एकही प्रोग्राम धड उघडत नाही! तरीही या धास्तीवर बाजार चालला. २००८ साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या ॲटर्नी जनरलने ‘रजिस्ट्री क्लीनर एक्सपी’ विकणाऱ्यावर दावा लावला. खोटे इशारे पडद्यावर झळकवून गिऱ्हाइके गाठल्याचा तो आरोप होता. मायक्रोसॉफ्टही असल्या सफाई-साधनांच्या वापराला पाठिंबा देत नाही.

ज्याला ती ओळ डोळ्यांत खुपतेच, त्याने सफाईदाराच्या वगळण्याच्या यादीत ती घालावी, म्हणजे झाले. सोयरीक बदलायची असल्यास ती विंडोजच्या सेटिंग्जमधूनच बदलावी. २०१२ च्या विंडोज ८ पासून वापरणाऱ्याच्या निवडीवर सांकेतिक मोहोर उठवलेली असते. मोहोर जुळली नाही, तर विंडोज ती निवड मानीत नाही.