जुन्या वाड्यांच्या भिंती खाली दगडी आणि वर विटांच्या का असत?

पश्चिम महाराष्ट्रातील शेतकरी घराण्यांच्या अनेक जुन्या वाड्यांत जोते आणि भिंतीचा खालचा भाग काळ्या बेसॉल्ट दगडाचा, तर वरचा भाग भाजक्या विटांचा दिसतो. जमिनीतील ओल आणि पावसाचे शिंतोडे दगड सोसतो. वर विटांचे बांधकाम तुलनेने हलके पडते. छताचा भार बहुतेक वेळा लाकडी खांब आणि तुळया पेलतात. जाड भिंतींमुळे घर दुपारीही थंड राहते. याच जाडीत दिव्यासाठी कोनाडे आणि दाराच्या अडसरासाठी खाच ठेवलेली असते.

दुरुस्ती करताना अशा भिंतींना सिमेंटचा गिलावा देणे टाळावे. चुना किंवा मातीच्या सांध्यांतून ओल बाहेर पडते. सिमेंट ती आतच कोंडते; मग विटा भुसभुशीत होतात आणि लाकूड कुजते.