आनंदीबाईंची बोट

खडकीच्या आपल्या शाळेत आनंदीबाई जोशी ‘परदेशातून शिकून आलेल्या पहिल्या स्त्री डॉक्टर’ एवढ्या एका ओळीत संपायच्या. त्या अमेरिकेला पोचल्या कशा, हे आपण कोणीच विचारलं नाही.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. ५८ दिवस! वय १८. पोस्टात नोकरी करणारे गोपाळराव मागेच राहिले. सोबत होत्या मिशनरी बायका. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, असं मानणारा तो काळ. फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत (आपलं नगरचं नव्हे) त्यांनी सांगून टाकलं होतं, की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. ते आधी बोटीवर निभवायचं होतं: मांसाहार नाही, आणि सोबतिणींचा धर्मांतराचा आग्रह. मला कंपनीने पहिल्यांदा ऑनसाइट पाठवलं तेव्हा आईने बॅगेत मेतकूट कोंबलं होतं, तरी चौथ्या दिवशी मला रडू फुटलं. माझ्या मते फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय कॉलेजची खरी प्रवेशपरीक्षा त्या बोटीवरच झाली.

११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. परतताना गोपाळराव बरोबर होते, पण आनंदीबाई क्षयाने खंगल्या होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला, बाविशीही पूर्ण न करता, त्या आपल्या पुण्यातच गेल्या. रक्षा मात्र पुन्हा समुद्रापार गेली. अमेरिकेत त्यांना घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटरबाईंनी ती पोकीप्सीला, आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली.