वकिलाविना न्यायालयात: कौटुंबिक हिंसाचार आणि कायदेशीर मदतीचा इतिहास

प्रस्तावना

घरात मारहाण सोसणारी स्त्री न्यायालयाची पायरी चढते, तेव्हा वकिलाची फी देण्याइतका पैसा तिच्या हाती बहुधा नसतो. घरातला पैसा पुष्कळदा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच ताब्यात असतो. लग्नाचा दाखला, बँकेचे पासबुक, दवाखान्याचे कागद सासरीच राहिलेले असतात. अशा स्त्रीची बाजू न्यायालयापुढे यावी म्हणून भारतात कोणते प्रयत्न झाले, ते या पाठात पाहू. वाचताना एक प्रश्न मनात ठेवा: कायद्याने हक्क दिला, पण तो वापरण्यासाठी तिच्याबरोबर कोण उभे राहणार?

१. मोफत विधी सहाय्य: आधी आरोपीसाठी

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम ३९-अ आले. पैशाअभावी कोणी न्यायापासून वंचित राहू नये, ही जबाबदारी त्याने राज्यसंस्थेवर टाकली. १९७९ च्या हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गरीब आरोपीचा मोफत वकिलाचा हक्क कलम २१ शी जोडला. १९८६ च्या सुख दास प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. आरोपीने वकील मागितला नाही म्हणून त्याचा हक्क बुडत नाही, असे त्याने ठरवले, कारण हक्काची माहितीच नसलेला माणूस तो मागणार कसा?

मात्र हे सारे निकाल आरोपीविषयीचे होते, हे ध्यानात घ्या. स्वतः दाद मागायला आलेल्या स्त्रीसाठी वाट उघडली ती १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने. त्याच्या कलम १२ नुसार कोणतीही स्त्री मोफत विधी सेवेस पात्र आहे. तिला उत्पन्नाची अट नाही. हा कायदा प्रत्यक्ष लागू व्हायला मात्र ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला.

२. ऐंशीच्या दशकातील दोन कायदे

१९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आले आणि पती व सासरच्यांची क्रूरता हा गुन्हा ठरला. फौजदारी खटला सरकार चालवते, म्हणून तेथे स्त्रीला वकील नेमावाच लागतो असे नाही. पण त्या खटल्यातून तिला राहायला घर किंवा महिन्याचा खर्च मिळत नव्हता. पोटगीसाठी वेगळा अर्ज आणि घरातून बाहेर काढू नये म्हणून दिवाणी न्यायालयात वेगळा दावा करावा लागे.

१९८४ च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाने निराळा मार्ग घेतला. त्याच्या कलम १३ नुसार वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क पक्षकाराला आपोआप मिळत नाही. गरज वाटल्यास न्यायालय न्यायमित्र नेमू शकते. वकिलांविना वातावरण सौम्य राहील आणि समुपदेशकाच्या मदतीने वाद मिटतील, ही त्यामागची कल्पना होती. पण दोन्ही बाजूंना वकील नसला म्हणून दोघे समान होतात का? ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर उभे राहून बोलणे स्त्रीला किती अवघड जाते, याचा विचार या रचनेत पुरेसा नव्हता.

३. न्यायालयाबाहेरची मदत

याच काळात सामाजिक कार्यकर्त्यांनी दुसरी बाजू उभी केली. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांच्या सहकार्याने पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला तेथे प्रशिक्षित समाजकार्यकर्ती भेटे. तिचे ऐकून घेणे, पोलिसांशी बोलणे, निवारा शोधणे ही कामे ती करी. पुढे महाराष्ट्रात असे कक्ष इतर जिल्ह्यांतही निघाले. गुजरातेत नव्वदच्या दशकात महिला समाख्या कार्यक्रमातून नारी अदालती उभ्या राहिल्या. गावातल्याच स्त्रिया तेथे प्रकरणे ऐकत. या कामातून दिसून आले की वकिलाच्या आधीही कोणीतरी सोबतीला लागते.

४. २००५ चा कायदा

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. वरचे सर्व धागे त्यात एकत्र आले. संरक्षण, निवास, आर्थिक मदत, मुलांचा ताबा आणि नुकसानभरपाई हे आदेश एकाच अर्जावर न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. अर्ज स्त्रीने स्वतः करावा, संरक्षण अधिकाऱ्याने करावा किंवा तिच्या वतीने अन्य कोणी करावा. पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांच्या आत ठेवायची आणि प्रकरण साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा, असे कलम १२ सांगते.

संरक्षण अधिकारी हे या कायद्याचे वैशिष्ट्य आहे. घटनेचा अहवाल तयार करणे, मोफत वकील मिळवून देणे, निवारागृह व वैद्यकीय तपासणीची सोय पाहणे ही त्याची कर्तव्ये कलम ९ मध्ये दिली आहेत. नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थाही सेवा पुरवठादार म्हणून मदत करू शकतात. पोलीस आणि न्यायदंडाधिकारी यांनीही स्त्रीला तिचे हक्क सांगायचे आहेत. सुख दास निकालातील तत्त्व येथे तक्रारदार स्त्रीपर्यंत आले, असे म्हणता येईल.

५. कायदा आणि वास्तव

अनेक राज्यांनी संरक्षण अधिकाऱ्याचे काम आधीच कामाने दबलेल्या अधिकाऱ्यावर अतिरिक्त कार्यभार म्हणून सोपवले. अधिकारी जागेवर नसला की अहवाल तयार होत नाही आणि स्त्रीची तारखेमागून तारीख जाते. २०२२ मध्ये प्रभा त्यागी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की असा अहवाल नसला तरी न्यायदंडाधिकारी आदेश देऊ शकतात. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने जिल्हा व तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमण्याचे निर्देश राज्यांना दिले. कायदा लागू होऊन जवळजवळ एकोणीस वर्षे झाल्यावर हे सांगावे लागले, यातच अंमलबजावणीची अवस्था दिसते.

सारांश

आरोपीला वकील, स्त्रीला मोफत विधी सेवा, पोलीस कार्यालयात समाजकार्यकर्ती आणि शेवटी संरक्षण अधिकारी असे या इतिहासाचे टप्पे आहेत. कायद्याची कलमे वाढत गेली, तरी स्त्रीला मिळणारी मदत त्या जागी नेमलेल्या माणसावरच अवलंबून राहिली. आपल्या जिल्ह्याच्या न्यायालयात गेलात तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय कोठे आहे, हे जरूर पाहा. ही माहिती कोणाला कधी लागेल, सांगता येत नाही.

विचारासाठी प्रश्न

१. कौटुंबिक न्यायालयात वकिलाचा हक्क मर्यादित ठेवण्याचे फायदे व तोटे लिहा.

२. वकील आणि संरक्षण अधिकारी यांच्या कामांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.

३. तुमच्या जिल्ह्यात संरक्षण अधिकाऱ्याचे काम कोणाकडे आहे? त्या व्यक्तीकडे आणखी कोणती कामे आहेत, याची माहिती घेऊन टिपण लिहा.