परकीयांची पसंती आणि भंडाऱ्याची दोन मते

निवडणूक आपली, मतदार आपले. पण कोण निवडून यावे याविषयी परदेशातल्या माणसाचेही काही मत असते. ते मत कशावरून बनते आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न मला भंडारा जिल्ह्याच्या १९५४ च्या पोटनिवडणुकीकडे पाहताना पुन्हा पुन्हा अडवतो. बाबासाहेबांनी तो त्याआधी नऊ वर्षे उभा केला होता. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांचे काय केले' या आशयाच्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात खास परकीयांना उद्देशून लिहिलेले एक प्रकरण आहे. आपल्याकडे पुणे करारासंबंधीची प्रकरणे वाचली जातात, हे मात्र बहुधा चाळून पुढे जातात. तसे होऊ नये.

त्या प्रकरणातला रोख इंग्लंड-अमेरिकेतल्या प्रतिगाम्यांवर नाही, पुरोगाम्यांवर आहे. मजुरांची बाजू घेणारा, साम्राज्यशाहीचा शत्रू असलेला परदेशी माणूस हिंदुस्थानच्या बाबतीत डोळे मिटून काँग्रेसच्या बाजूला का उभा राहतो? काँग्रेस परक्या सत्तेशी लढते, म्हणजे ती लोकशाहीसाठीच लढत असली पाहिजे, असे तो धरून चालतो. देश स्वतंत्र होणे आणि देशातली माणसे स्वतंत्र होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्याला कोणी सांगत नाही. कारण त्याच्यापर्यंत पोहोचणारी वृत्तपत्रे काँग्रेसची, आणि अस्पृश्यांच्या हाती तसे साधन नाही. बाबासाहेबांचे म्हणणे थोडक्यात असे, की या देशात सत्ता चालवणारा वर्ग कोणता हे आधी पाहा आणि मग बाजू घ्या.

परकीय निरीक्षक आकड्यांवर विश्वास ठेवतो. १९३७ च्या निवडणुकीत अस्पृश्यांच्या १५१ राखीव जागांपैकी ७८ काँग्रेसने जिंकल्या. झाले! अस्पृश्यही काँग्रेसबरोबर आहेत, असा निष्कर्ष निघाला. १९३२ च्या पुणे करारानंतर राखीव जागेवरचा उमेदवार शेवटी संयुक्त मतदारसंघातल्या सगळ्यांच्या मतांनी निवडून येत होता; म्हणजे कोणता अस्पृश्य विधिमंडळात जावा हे स्पृश्यांची मते ठरवू शकत होती. ही मेख लंडनमध्ये बसून दिसत नाही. १९४६ मध्ये कॅबिनेट मिशन आले तेव्हा हेच झाले. प्राथमिक निवडणुकीत अस्पृश्यांनी स्वतः कोणाला पसंती दिली हे बाजूला राहिले, अंतिम निकाल धरला गेला, आणि १६ मेच्या योजनेत अस्पृश्यांना स्वतंत्र स्थान मिळाले नाही. ऑक्टोबरमध्ये बाबासाहेब लंडनला गेले, गाऱ्हाणे मांडले. उपयोग झाला नाही. परकीयाची पसंती ही केवळ गप्पांची गोष्ट नसते, हे आपण येथे लक्षात ठेवले पाहिजे.

पुढे राज्य बदलले, परकीयाचा प्रश्नही बदलला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते. एवढे निरक्षर लोक मतदान करणार म्हणून जगाला नवल वाटत होते. पण त्या नवलामागे एक भीती होती. १९४९ मध्ये चीन कम्युनिस्टांच्या हाती गेला होता. हिंदुस्थान नेहरूंकडे राहतो की तोही जातो, हे अमेरिकेला पाहायचे होते. या चौकटीत अस्पृश्याला जागाच नव्हती. तो नेहरूंचाही नव्हता आणि मॉस्कोचाही नव्हता. जानेवारी १९५२ मध्ये उत्तर मुंबईत काजरोळकरांकडून बाबासाहेबांचा पराभव झाला. त्याच वर्षी ५ जूनला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. परक्या देशातल्या विद्यापीठाला जे दिसले ते घरच्या संयुक्त मतदारसंघाला दिसले नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो पुरता खरा नव्हे. पदवी घटनाकाराला मिळाली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या नेत्याला कोणी पदवी देत नाही.

आता भंडारा. तेव्हा हा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि आजचा गोंदिया जिल्हा त्यातच होता. धान, तलाव, तेंदूपाने आणि विडी. लोकसभेसाठी दोन जागांचा मतदारसंघ, एक सर्वसाधारण, एक राखीव. १९५२ मध्ये दोन्ही काँग्रेसकडे गेल्या. सर्वसाधारण जागेवर निवडून आलेले चतुर्भुज जसानी हे मुळजी सिक्का या विडीच्या पेढीचे भागीदार होते, आणि ती पेढी सरकारला सैनिकांसाठी विड्या पुरवत होती. सरकारशी असा करार असलेला माणूस उमेदवार होऊ शकतो का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याच खटल्यात दुसरा, आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न होता. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी भरलेला अर्ज ते महानुभाव पंथात गेले म्हणून नाकारला होता. महानुभाव झालेला महार हा महार राहतो की नाही? नागपूरला न्यायदान केलेले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी फेब्रुवारी १९५४ मध्ये निकाल दिला, की राहतो; अर्ज नाकारणे चूक होते. सबंध निवडणूकच रद्द झाली. (पंथ बदलला तरी जात सुटत नाही, हे न्यायालयाने सांगितले, त्यानंतर पावणेतीन वर्षांनी, येथून जवळच नागपूरला, लाखो लोकांनी धर्मच बदलला.)

मे १९५४ मध्ये पोटनिवडणूक झाली. राखीव जागेसाठी बाबासाहेब उभे राहिले. काँग्रेसचे उमेदवार भाऊराव बोरकर. सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. प्रत्येक मतदाराला दोन मते, पण दोन्ही एकालाच देता येत नव्हती. आपले दुसरे मत कोणालाच देऊ नये, म्हणजे ते विरोधकाच्या उपयोगी पडणार नाही, असे कार्यकर्त्यांनी सुचवले आणि बाबासाहेबांनी ते मानले नाही, अशी आठवण चळवळीत सांगितली जाते. प्रचारात त्यांनी नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर कडाडून टीका केली. धानाच्या शेतावर राबणाऱ्या मतदारापुढे त्यांनी जगाचे राजकारण मांडले. परदेशी माणसाला जे कळणार नाही असे वाटत होते, ते कळू शकते हे त्यांनी गृहीत धरले होते.

निकाल आपल्याला पाठ आहे. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब आठ हजारांहून अधिक मतांनी पडले. ज्यांनी मेहतांना मत दिले त्या सगळ्यांनी दुसरे मत बाबासाहेबांना दिले नाही, एवढे या निकालावरून उघड आहे. ते कोण होते हे भंडाऱ्याच्या गावागावांतल्या माणसाला विचारावे लागत नाही. काँग्रेसविरोधी असणे आणि जातीच्या विरोधी असणे या दोन गोष्टी एका मतपेटीत वेगळ्या झाल्या.

आता बाहेरून पाहणाऱ्याच्या जागी उभे राहून हा निकाल वाचा. तो नेहरूंचा चाहता असेल तर बोरकर आले म्हणून संतुष्ट. समाजवादी असेल तर मेहता आले म्हणून संतुष्ट. नुसता लोकशाहीचा चाहता असेल तर सत्ताधारी पक्षाला एक जागा गमवावी लागली म्हणून अधिकच संतुष्ट. कोणत्याही रंगाच्या परकीयाला भंडाऱ्यात खेद वाटण्यासारखे काही सापडत नाही. ज्याने घटना लिहिली तो तिच्याच चौकटीतल्या निवडणुकीत दुसऱ्यांदा हरला, आणि हिशेब सर्व बाजूंनी जुळला!

परकीयांची पसंती पुढे पैशापर्यंतही गेली. अमेरिकेचे दिल्लीतले माजी राजदूत मॉयनिहन यांनी १९७८ च्या पुस्तकात लिहिले, की केरळ आणि पश्चिम बंगालमध्ये कम्युनिस्टांना रोखण्यासाठी अमेरिकेने काँग्रेसला दोनदा पैसा दिला. त्यावरून बराच गदारोळ झाला. मला मात्र वाटते, की पैशाने जेवढे बिघडते त्याहून अधिक त्या भाबड्या सहानुभूतीने बिघडले. पैसा निदान लपवावा तरी लागतो.

सगळे परकीय सारखे, असे माझे म्हणणे नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले तेव्हा त्या काळ्या विचारवंताने आस्थेने उत्तर दिले. त्याला निकालाचा तक्ता दाखवावा लागला नाही. आणि आपणही परकीय असतोच. अमेरिकेत कोण जिंकावे यावर आपल्या बैठकांत रात्र रात्र वाद होतात. तिथल्या एखाद्या काळ्या वस्तीत कोणाची मते कोणाच्या पदरात पडली, हे आपल्यापैकी किती जण तपासतात?

१९५५ मध्ये फेडरेशनने राजकीय राखीव जागा रद्द कराव्यात असा ठराव केला. त्या ठरावाकडे पाहताना भंडाऱ्याचा निकाल शेजारी ठेवून पाहावा. दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने गेले आणि दुसरे मतही गेले. राखीव जागेवर कोण बसेल हे सगळ्यांनी मिळून ठरवण्याची पद्धत मात्र तशीच राहिली.