दोन कागदांतून निघालेली मोटारसायकल

फिलिप व्हिन्सेंट हा अर्जेंटिनांतील एका पशुपालक इंग्रजाचा मुलगा. केंब्रिजला शिकत असतांच मोटारसायकलींनीं त्याला वेड लाविलें, आणि १९२८ सालीं वडिलांच्या पैशानें त्यानें हॉवर्ड डेव्हिस या शर्यतपटूच्या बुडालेल्या कंपनीचें 'एच्. आर्. डी.' हें नांव विकत घेतलें. मागील चाकाला स्प्रिंगा असाव्या, हा त्याचा हट्ट. गिऱ्हाइकांस मात्र त्याचीच भीति वाटे! १९३४ च्या आइल ऑफ मॅनच्या शर्यतींत परक्या इंजिनांनीं दगा दिला, तेव्हां स्टीव्हनेजच्या त्या लहानशा कारखान्यानें स्वतःचें ५०० सी. सी. चें इंजिन बनविलें.

पुढील हकीकत मौजेची आहे. १९३६ सालीं फिल अर्व्हिंग या ऑस्ट्रेलियन अभियंत्याच्या मेजावर त्या इंजिनाच्या एका पारदर्शक चित्रावर दुसरें चित्र उलटें पडलें, आणि एकाच पायावरचे दोन सिलिंडर त्यास दिसले. मधील कोन ४७ अंशांचा! व्हिन्सेंटला कल्पना तत्काळ पटली, व ९९८ सी. सी. ची 'रॅपाइड' जन्मास आली. तिच्या इंजिनाबाहेर तेलाच्या नळ्यांचें एवढें जाळें होतें कीं, थट्टेखोरांनीं तिला नळकाम्याचें दुःस्वप्न म्हटलें.

महायुद्धानंतर, १९४६ सालीं, नवी रॅपाइड आली. आमच्या मतें या जोडीची खरी प्रतिभा येथें दिसते. कोन ५० अंशांचा झाला, नळ्या आंत गेल्या, आणि सांगाडा जवळजवळ नाहींसाच झाला. वर तेलाची टांकी हाच कणा. त्याखालीं इंजिन टांगलेलें, आणि मागील चाकाचा भार त्या इंजिनालाच जोडलेला. १९४८ ची 'ब्लॅक शॅडो' ही तिचीच अधिक तेज बहीण: इंजिनावर काळें एनॅमल, ५५ अश्वशक्ति, ताशीं १२५ मैल वेग, व पांच इंची वेगदर्शक तबकडी.

त्याच वर्षीं १३ सप्टेंबरला अमेरिकेंतील बॉनव्हिलच्या मीठमैदानावर रॉली फ्री यानें याच घराण्यांतील खास सिद्ध केलेली गाडी पळविली. अंगावरील चामडी पोशाख वाऱ्यानें फाटतो म्हणून तो काढून, नुसत्या पोहण्याच्या चड्डीवर, तो गाडीवर पालथा पडला आणि ताशीं १५०.३१३ मैलांचा वेग गांठला. त्या वेडेपणाचें छायाचित्र आजही प्रसिद्ध आहे.

परंतु शर्यतींतील कीर्तीनें कारखान्याचा हिशेब जुळेना. काटकसर हा व्हिन्सेंटचा गुण नव्हता. जें उत्तम तेंच वापरावयाचें, मग किंमत कितीही होवो. शेवटीं गाडीला अंगभर आच्छादन घालून पाहिलें, पण ज्यांनीं तिच्या उघड्या इंजिनावर जीव टाकला होता, त्यांस तें रुचलें नाहीं. डिसेंबर १९५५ मध्यें स्टीव्हनेजहून शेवटची गाडी बाहेर पडली.