कोपऱ्यावरचा वाणी आणि साखळी दुकानें

अडीअडचणीला उधार देणारा कोपऱ्यावरचा वाणी कोणाला ठाऊक नाहीं? अमेरिकेंतील अशाच वाण्यांवर एके काळीं मोठें संकट ओढवलें होतें. १९३० च्या सुमारास 'ए अँड पी' या एकाच कंपनीचीं १५,००० हून अधिक दुकानें होतीं. प्रचंड खरेदीच्या बळावर ती उत्पादकांकडून खास सूट, जाहिरातीचे भत्ते, इतकेंच काय पण दलालीहि मिळवी. स्वतंत्र वाण्याला तोच माल चढ्या भावानें घ्यावा लागे.

कित्येकांनीं संघटनेचा मार्ग धरला. १९२६ मध्यें निघालेल्या 'आय. जी. ए.' या संघानें त्यांना एकत्रित खरेदीचा लाभ दिला. दुसरा मार्ग कायद्याचा. १९३६ च्या रॉबिन्सन-पॅटमन कायद्यानें, सारख्याच मालाला गिऱ्हाइकागणिक निराळा भाव लावून स्पर्धेला बाध आणण्यास मनाई केली. मात्र खर्चांत खरोखर बचत होत असेल, तर तेवढी सूट ग्राह्य ठरविली. पुढें साखळी दुकानांवर जबर कर बसविण्याचें पॅटमन यांचें विधेयक नामंजूर झालें. स्वस्ताईवर कर कोणत्या गृहिणीला रुचेल?

जिची एवढी धास्ती होती, ती कंपनीहि २०१५ मध्यें बुडाली. वाण्याला अभय नको, समान संधि हवी, हाच यांतला बोध.